उकिरड्याचा पांग आणि कोळशाचा हिशेब



बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोळशाच्या खाणीबाहेर साचलेल्या उकिरड्याला बारा वर्षे पुरत नाहीत, कधी कधी शंभर लागतात. पण त्याचाही पांग फिटू शकतो, हे जगात काही ठिकाणी दिसून आले आहे. आजचा विषय वरकरणी रुक्ष आहे. खाणीतून निघालेल्या टाकाऊ मालाचे जे डोंगर उभे राहतात त्यांचे नकाशे करणे आणि त्यांत अजून किती कोळसा परत मिळण्याजोगा आहे याचा अंदाज बांधणे, एवढाच तो विषय. भूगर्भात दडलेल्या कोळशाची मोजदाद प्रत्येक देश काटेकोरपणे करतो. जमिनीखालचा एकेक थर सिद्ध, सूचित, अनुमानित अशा वर्गांत बसवला जातो. जमिनीच्या वर, डोळ्यांसमोर पडलेल्या कोळशाची मात्र बहुतेक ठिकाणी नोंदच नसते. कोणीतरी एकदा ‘टाकाऊ’ असा शिक्का मारला आणि वही मिटली, असा हा प्रकार आहे.

या विषयाचे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा ईशान्य भाग. स्क्रँटन, विल्क्स-बॅरे, हेझल्टन, पॉट्सव्हिल, शमोकिन ही त्या पट्ट्यातील गावे. तेथे ॲन्थ्रासाइट म्हणजे अत्यंत कठीण, चकाकणारा, जवळजवळ धूर न करता जळणारा कोळसा मिळतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शहरांतील घरे अनेक दशके याच कोळशाने उबदार राहिली. १९१७ मध्ये येथील उत्पादनाने सुमारे १० कोटी अमेरिकी टनांचे शिखर गाठले. नंतर खनिज तेल आणि वायू आले, मागणी ओसरली. जानेवारी १९५९ मध्ये नॉक्स खाणीत सस्क्वेहाना नदीचे पाणी घुसले, बारा कामगार मृत्युमुखी पडले आणि उत्तरेकडील क्षेत्रातील खोल खाणकाम जवळजवळ संपुष्टात आले. खाणी गेल्या, काळे डोंगर तेवढे मागे राहिले. स्थानिक भाषेत त्यांना ‘कल्म’ म्हणतात.

हे डोंगर कसे उभे राहिले, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे. खाणीतून आलेला माल ‘ब्रेकर’ नावाच्या उंच इमारतीच्या माथ्यावर नेत. तेथे तो दाती असलेल्या रुळांखाली फोडला जाई आणि उतरत्या घसरगुंड्यांवरून खाली येई. या घसरगुंड्यांवर आडव्या फळ्या टाकून लहान मुले बसत आणि वाहत्या कोळशातून दगड, पाटीचे तुकडे हाताने वेचून काढत. ल्युइस हाइन या छायाचित्रकाराने जानेवारी १९११ मध्ये पिट्स्टन येथे काढलेली त्यांची छायाचित्रे जगभर गाजली. काजळीने माखलेले ते चेहरे बालमजुरीविरोधातील अमेरिकी चळवळीचे साक्षीदार ठरले. पोटाला चिमटा बसला म्हणून शाळेऐवजी ब्रेकरवर जाणाऱ्या त्या पोरांच्या बोटांनी दगड म्हणून जे फेकले, त्यात कोळसाही होता. थकलेला हात चुकतोच. आजच्या अभियंत्याने एखादा ढीग उकरून त्यात १५ किंवा ३० टक्के कोळसा आहे असे सांगितले, तर त्या आकड्यात शतकापूर्वीच्या कोणा मुलाची थकलेली दुपारही मोजली गेलेली असते.

दुसरे कारण बाजाराचे. ॲन्थ्रासाइट आकारमानानुसार विकला जाई आणि त्याच्या प्रतींची नावे मोठी घरगुती होती: अंडे, चेस्टनट, वाटाणा, बकव्हीट म्हणजे आपला कुट्टू, तांदूळ, जव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लहान आकाराला गिऱ्हाईकच नव्हते. शेगडीच्या जाळीतून जो खाली पडतो तो कोळसा कोण विकत घेणार? म्हणून चांगला, निखळ कोळसा केवळ बारीक आहे या अपराधासाठी ढिगाऱ्यावर गेला. पुढे बाष्पकांच्या जाळ्या सुधारल्या, हवा जोराने फुंकण्याची सोय झाली आणि कालचा कचरा आज विकला जाऊ लागला. या अपव्ययाची चौकशी करण्यासाठी राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे हा प्रश्न तेव्हाच्या धुरीणांच्याही ध्यानात आला होता. जुने ढीग पुन्हा धुण्याचे कामही त्याच सुमारास सुरू झाले. धुण्याच्या पाण्याबरोबर जी भुकटी वाहून गेली, ती सस्क्वेहाना आणि स्कूलकिल या नद्यांच्या तळाशी जाऊन बसली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सपाट बुडाच्या बोटींवर उपसायंत्रे बसवून नदीतून कोळसा काढण्याचा एक धंदाच तेथे उभा राहिला. नदीच्या पात्रात कोळशाची खाण! आपल्याकडच्या दामोदर नदीची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. पण तिचा विषय पुढे येईल.

आता मोजणीकडे वळू.

ढीग मोजायचा म्हणजे प्रथम त्याचे घनफळ काढायचे. वरचा पृष्ठभाग मोजणे आता फार सोपे झाले आहे. विमानातून अथवा ड्रोनमधून लेसर किरण सोडून जमिनीची उंची टिपणाऱ्या लायडार तंत्राने झाडाझुडपांखालचा उतारही काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मिळतो. खरी अडचण तळाची आहे. हा डोंगर सपाट जमिनीवर उभा आहे, की एखादी घळ बुजवून? त्याखाली ओढा होता काय? मऊ माती भाराने दबून खाली गेली काय? वरून कितीही उत्तम यंत्र फिरवले, तरी या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती मिळतात जुन्या भूमापन नकाशांतून, खाण कंपन्यांच्या पिवळ्या पडलेल्या आराखड्यांतून आणि जुन्या हवाई छायाचित्रांतून. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावरील समोच्च रेषा संगणकात भरायच्या, त्यावर आजचा पृष्ठभाग ठेवायचा आणि दोहोंमधील फरक काढायचा. अभिलेखागारातील कारकुनाने जपून ठेवलेला कागद येथे कोट्यवधींच्या यंत्राइतकाच मोलाचा ठरतो. आपल्याकडे अशा कागदांचे काय होते, हे सांगायला नको.

घनफळ मिळाले की आत काय आहे हा प्रश्न येतो, आणि येथे भल्याभल्यांची गाडी अडते. मालगाडीतून वा पट्ट्यावरून माल कड्यावर ओतला की मोठे दगड गडगडत पायथ्याशी जातात आणि बारीक भुकटी माथ्याजवळ राहते. म्हणून वरच्या थरातून चार टोपल्या नमुना घेऊन साऱ्या ढिगाचे भविष्य सांगणारा माणूस हमखास फसतो. शिवाय ढीग दरवर्षी बाहेरच्या बाजूला वाढत गेलेला असतो. आतला गाभा सर्वांत जुना, म्हणजे वेचणी ढिसाळ होती त्या काळातला, आणि म्हणून बहुधा कोळशाने अधिक समृद्ध. बाहेरचे थर सुधारित धुलाईनंतरचे, म्हणून गरीब. यासाठी ठरावीक अंतरांवर माथ्यापासून मूळ जमिनीपर्यंत छिद्रे पाडावी लागतात आणि प्रत्येक मीटरचा नमुना वेगळा ठेवावा लागतो. दोन छिद्रांच्या मधल्या जागेत काय असेल, याचे गणित दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी डॅनी क्रिग यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मांडले आणि पुढे फ्रान्सचे जॉर्ज माथेराँ यांनी त्याला शास्त्राचे रूप दिले. ते गणित येथेही वापरतात. मात्र निसर्गाने घडवलेला थर आणि माणसाने ओतलेला ढीग यांत मोठे अंतर आहे. निसर्गाचा थर मैलोन्‌मैल एकाच स्वभावाचा असू शकतो. ढिगात एका संपाच्या वर्षी, एका नव्या यंत्राच्या आगमनानंतर किंवा एखाद्या भिन्न थराचे काम सुरू होताच सारे बदलते. म्हणून रूळ कोणत्या दिशेने टाकले होते, माल कोणत्या कड्यावरून ओतला जाई, हे ज्याला ठाऊक आहे तो वृद्ध कामगार भूशास्त्रज्ञाचा गुरू ठरतो.

तिसरी गोष्ट आगीची. अशा ढिगांत गंधकयुक्त लोहखनिज असते. हवा आणि ओल लागली की ते आतल्या आत तापते आणि कोळसा आपोआप पेटतो. हे ढीग वर्षानुवर्षे धुमसतात. जळून गेलेला भाग लालसर, भाजलेल्या विटेसारखा होतो. कोळसा उगाळावा तितका काळाच, असे आपण म्हणतो; जळालेला ढीग मात्र तांबडा असतो आणि त्यात मिळवण्यासारखे काही उरलेले नसते. रस्त्याखाली भरावाला तो उत्तम. अवरक्त किरणांच्या छायाचित्रणाने तप्त जागा ओळखता येतात, पण खोलवरची जुनी, निवालेली जळीत जागा छिद्र पाडल्यावाचून कळत नाही. धुमसत्या ढिगात अविचाराने फावडे घातले, तर हवा मिळून भडका उडण्याची भीती असते. पेनसिल्व्हेनियातच सेंट्रेलिया नावाचे गाव आहे. तेथे १९६२ मध्ये जुन्या उघड्या खाणीतील कचऱ्याला लागलेली आग भूमिगत थरांत शिरली. ती आजही विझलेली नाही आणि गाव जवळजवळ निर्मनुष्य झाले आहे.

नमुने प्रयोगशाळेत आले की त्यांची परीक्षा अगदी साध्या तत्त्वावर होते. कोळसा हलका, दगड जड. झिंक क्लोराइडच्या किंवा तत्सम द्रावणाची घनता १.४, १.५, १.६ अशी वाढवत नेऊन प्रत्येक वेळी किती माल तरंगला आणि किती बुडाला, हे तोलायचे आणि तरंगलेल्या भागात राख किती हे जाळून पाहायचे. घरातली गृहिणी मिठाच्या पाण्यात बियाणे टाकून पोचट दाणे वेगळे करते, तोच हा न्याय. फार बारीक भुकटीला हे लागू पडत नाही. तेथे पाण्यात फेस करून, फेसाच्या बुडबुड्यांना कोळशाचे कण चिकटवून ते वर आणतात. पण दशकानुदशके ऊनपाऊस खाल्लेल्या कणाचा पृष्ठभाग हवेने बदललेला असतो आणि तो फेसाला नीट चिकटत नाही. त्यामुळे कागदावर कोळसा दिसतो, हातात येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चारशे मीटर लांब, अडीचशे मीटर रुंद आणि सरासरी २० मीटर जाडीचा ढीग आहे. घनफळ झाले २० लाख घनमीटर. घनमीटरला दीड टन धरला तर ३० लाख टन माल. त्यातील १५ टक्के जळून गेला असेल तर उरले साडेपंचवीस लाख. त्यात वजनाने २० टक्के कोळसा, म्हणजे ५ लाख १० हजार टन. धुलाईत त्याच्या ७० टक्के हाती लागला, तर ३ लाख ५७ हजार टन. आता तळाचा अंदाज चुकला आणि सरासरी जाडी २० ऐवजी १८ मीटर निघाली, तर पहिल्याच पायरीवर दहा टक्के गेले. शिवाय ढिगाच्या कडेला घरे असतील, वरून विजेच्या तारा गेल्या असतील, तळाचा मीटरभर माल मातीत मिसळला असेल, जमीन एकाची आणि ढीग दुसऱ्याचा असेल, तर तेवढा भाग पुन्हा वजा. म्हणून ‘ढिगात असलेला’ कोळसा आणि ‘परत मिळण्याजोगा’ कोळसा हे दोन आकडे निराळे लिहिणे हा या शास्त्रातील प्रामाणिकपणाचा पहिला धडा आहे. गुंतवणूकदाराला पहिला आकडा दाखवून दुसरा दडवण्याचा मोह कोणाला होत नाही?

पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांचा पांग फिटण्यास कारण झाला १९७८ चा एक कायदा. तेलसंकटानंतर अमेरिकेने लहान, स्वतंत्र वीज उत्पादकांकडून वीज विकत घेणे मोठ्या वीज कंपन्यांना बंधनकारक केले. त्याच काळात एक नवी भट्टी परिपक्व झाली. तिच्यात वाळूसारख्या कणांचा थर खालून फुंकलेल्या हवेवर उकळत्या द्रवासारखा खेळत राहतो आणि निम्म्याहून अधिक राख असलेले निकृष्ट इंधनही सुमारे ८५० अंश सेल्सिअस तापमानाला शांतपणे जळते. सोबत चुनखडी टाकली की गंधक तिथल्या तिथे पकडला जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी अनेक वीज केंद्रे त्या राज्यात उभी राहिली आणि ढीग उतरू लागले. जळून उरलेली क्षारधर्मी राख जुन्या खड्ड्यांत भरली गेली. तिने खाणीतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्याचा जोर काही ठिकाणी कमी केला. ज्या ओढ्यांचे पाणी केशरी वाहत होते, त्यांपैकी काहींत पुन्हा मासे आले.

हे चित्र एकतर्फी रंगवणे मात्र योग्य होणार नाही. निकृष्ट इंधन जाळताना प्रत्येक युनिटमागे धूर आणि राख अधिक होते, हा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप खरा आहे. ढीग तसाच धुमसू दिला तर तोही हवा विषारी करतो, तेही कोणत्याही नियंत्रणाविना, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही खोटा नाही. राज्याने २००४ च्या कायद्यात टाकाऊ कोळशाच्या विजेला पर्यायी ऊर्जेच्या दुसऱ्या श्रेणीत स्थान दिले, २०१६ मध्ये करसवलत दिली. पण शेल वायू स्वस्त झाल्यावर अनेक केंद्रांचा हिशेब जमेना. २०२१ च्या सुमारास काही केंद्रे आपली वीज संगणकांना पुरवून आभासी चलन मिळवू लागली. ब्रेकरवरच्या पोराने फेकलेल्या तुकड्यातून बिटकॉइन! काळाची थट्टा याहून निराळी काय असते?

नकाशा हा केवळ धनाचा शोध घेण्यासाठी असतो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. वेल्समधील ॲबरफॅन या खाणगावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरील सात क्रमांकाचा ढीग घसरला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर कोसळला. १४४ जणांचा बळी गेला, त्यांत ११६ मुले होती. मुले नुकतीच वर्गात येऊन बसली होती. दुसऱ्या दिवसापासून सुटी लागणार होती. चौकशीत निष्पन्न झाले की ढीग झऱ्यांवर रचला गेला होता, आणि हे झरे जुन्या नकाशांवर दाखवलेले होते. नकाशा होता, तो पाहिला गेला नव्हता. गावकऱ्यांनी त्याआधी लेखी इशारेही दिले होते. त्यावर कडी म्हणजे उरलेले ढीग हटवण्यासाठी मृतांच्या नातेवाइकांकरिता जमलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. ते सरकारने १९९७ मध्ये परत केले, तेही व्याजाविना. फेब्रुवारी २०२० मध्ये टायलर्सटाउन येथे वादळी पावसात पुन्हा एक जुना ढीग घसरला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण त्यानंतर वेल्समध्ये सर्व बंद ढिगांची नोंद हाती घेण्यात आली आणि ती संख्या अडीच हजारांवर गेली. २०२५ मध्ये तेथे यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. आपल्याकडे झारखंडमधील राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगारा कोसळून वीसहून अधिक कामगार गाडले गेले. त्यांची नावे आज किती जणांच्या स्मरणात आहेत?

भारताकडे येताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडील बहुतांश कोळसा आता उघड्या खाणींतून येतो. २०२४-२५ मध्ये देशाच्या उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. त्यासाठी उपसावी लागणारी माती आणि दगड तर अफाट. एकट्या कोल इंडियाने २०२३-२४ मध्ये जवळपास २०० कोटी घनमीटर उपसा केला. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, उमरेड या भागांत रस्त्याने जाताना जे डोंगर दिसतात ते मुख्यतः हेच. त्यांत वालुकाश्म, माती, मुरूम आहे. कोळसा नाममात्र, तोही काळ्या पाटीच्या थरांबरोबर आलेला. तेवढ्यानेही ढीग पेटतो, पण धुऊन विकण्याजोगे काही निघत नाही. पेनसिल्व्हेनियाची गोष्ट ऐकून कोणी या प्रत्येक डोंगराला कोळशाची खाण समजू लागला, तर तो आपलीच फसवणूक करील.

आपला खरा टाकाऊ कोळसा आहे तो झरिया, बोकारो, राणीगंज या भागांतील धुलाई केंद्रांबाहेर. राणीगंज परिसरातील खाणकामाचा प्रारंभ १७७४ चा, झरियातील भूमिगत आगीची पहिली नोंद १९१६ ची. आपल्या गोंडवन कोळशात राख कणाकणांत मुरलेली असते, त्यामुळे तो कितीही धुतला तरी अमेरिकी ॲन्थ्रासाइटसारखा दगडापासून स्वच्छ सुटत नाही. धुलाईत बाहेर फेकला जाणारा माल निम्म्याहून अधिक राखेचा असला, तरी त्यात उष्णता शिल्लक असते. आणि पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा तर आपण आजही मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणतो. ज्या थराचा कोळसा ऑस्ट्रेलियातून जहाजाने मागवावा लागतो, त्याच प्रतीची भुकटी आपल्या धुलाई केंद्रांच्या तळ्यांत पडून असेल, तर ती मोजून घेणे हे देशहिताचे साधे गणित आहे. हे काम करू शकणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. रांचीचे खाण नियोजन व अभिकल्प संस्थान आणि धनबादची केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था यांच्याकडे उपग्रह चित्रांपासून प्रयोगशाळेपर्यंत सर्व साधने उपलब्ध आहेत.

आणि दामोदर? तिच्या काठावर धुलाईच्या पाण्यातून वाहून आलेली काळी भुकटी गोळा करणारी, वाळवणारी, विकणारी हजारो कुटुंबे आहेत. सायकलवर दोन-दोन क्विंटल कोळसा लादून चढावर ती ढकलत नेणारे पुरुष झारखंडच्या रस्त्यांवर पहाटेपासून दिसतात. कायद्याच्या भाषेत त्यांतील बराचसा व्यवहार अवैध आहे. पण सरकारी वहीत जो कोळसा ‘नाही’, त्यावर यांची चूल पेटते. उद्या कोणी शास्त्रशुद्ध मोजणी करून हे ढीग आणि ही तळी लिलावात काढली, तर या माणसांचे काय, हा प्रश्न त्याच अहवालात यायला हवा. पेनसिल्व्हेनियातही मंदीच्या दिवसांत बेकार कामगारांची बायकापोरे अशाच ढिगांवरून घरापुरता कोळसा वेचून आणत.

विदर्भात एक वेगळा, उत्साह वाढवणारा प्रयोग झाला आहे. नागपूर जिल्ह्यात भानेगाव येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने उपशातील वालुकाश्मयुक्त मातीतून बांधकामाची वाळू वेगळी काढली आणि ती घरकुलांसाठी पुरवली. नद्यांतील वाळू उपशाने कन्हान-वैनगंगेची काय अवस्था झाली आहे हे जाणणाऱ्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. ढिगात कोळसा शोधायला जावे आणि वाळू सापडावी, असे येथे झाले. पण कोणत्या ढिगात कोणता माल आहे, हे कळले म्हणूनच ते झाले.

वर्धा खोऱ्यात आज सर्वांत निकडीचे काम यंत्रांचे नाही. बल्लारपूर, माजरी, राजूर येथील जुन्या खाणींमध्ये राष्ट्रीयीकरणाच्या आधीपासून, म्हणजे १९७३ पूर्वीपासून काम केलेली माणसे अजून त्या गावांत राहतात. कोणत्या थराचा माल कोठे टाकला, कोणता ओढा बुजवला, कोणता ढीग आधी धुमसून गेला, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांतील तरुणातला तरुण माणूस आता सत्तरीच्या पुढे आहे.